नंबर प्लेट वाचणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर: कुठलं घ्यायचं आणि रात्री ते का झोपतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेटवर एक आयपी कॅमेरा आहे, गाडी आली की नंबर वाचायचा, यादीत असला तर बॅरियर उघडायचा. सगळं ओपन सोर्सवर करायचंय. ओपनएएलपीआर लावून बघितलं तर दिवसा बरं चालतं, रात्री निम्म्या गाड्या वाचतच नाही, तर त्याऐवजी दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

बरीच वर्षं याच कामात आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. सॉफ्टवेअर कुठलं ते सांगतोच पण आधी एक गोष्ट करा. कालचं रात्रीचं रेकॉर्डिंग उघडा, गाडी गेटसमोर असतानाची एक फ्रेम थांबवा आणि प्लेटवर झूम करा. तुम्हाला स्वतःला नंबर वाचता येतोय का? दहापैकी नऊ वेळा लोक हे करूनच बघत नाहीत, तीन-तीन सॉफ्टवेअर बदलून बसतात, आणि शेवटी कळतं की चित्रात नंबर नव्हताच, नुसती पांढरी पट्टी होती. जे माणसाला वाचता येत नाही ते मॉडेल वाचत नाही, फार तर अंदाज ठोकतं, आणि ठोकलेला अंदाज न वाचण्यापेक्षा वाईट.

हे का होतं त्याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा ऑटोवर सोडला की रात्री तो उजेड गोळा करायला शटर १/२५ सेकंदापर्यंत उघडं ठेवतो. गेटवर येणारी गाडी ताशी २० किलोमीटरने आली असं धरा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर, म्हणजे शटर उघडं असताना गाडी २२ सेंटिमीटर सरकली. ती कॅमेऱ्याच्या दिशेनेच येतेय त्यामुळे सगळं सरकणं चित्रात दिसत नाही, पण कोन २० अंशाचा असला तरी एक तृतीयांश दिसतं, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या वर. आता युरोपातली मोठी प्लेट ५२ सेंटिमीटर रुंद असते, ती चित्रात १३० पिक्सेलची दिसत असेल तर एक पिक्सेल म्हणजे ४ मिलिमीटर, आणि ७ सेंटिमीटर म्हणजे १८ पिक्सेल. अक्षराची रेघ असते जेमतेम अडीच-तीन पिक्सेलची, ती १८ पिक्सेलभर फासली गेली तर उरणार काय. हेच शटर १/५०० केलं की गाडी १ सेंटिमीटर सरकते आणि चित्रात जेमतेम १ पिक्सेलचा फरक पडतो. गेटला १/५०० पुरतं, ताशी ६० च्या रस्त्यावर १/१००० पेक्षा सावकाश शटर ठेवायचं नाही.

आता १/५०० केल्यावर तुम्ही म्हणाल चित्र काळंकुट्ट झालं. झालंच पाहिजे! प्लेटवर परावर्तक थर असतो, प्रकाश जिथून आला तिकडेच तो परत पाठवतो, म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा लावला की बाकी सगळं अंधारात आणि प्लेट तेवढी लख्ख, असं चित्र येतं. बघायला भिकार वाटतं, गाडीचा रंग कळत नाही, ड्रायव्हर दिसत नाही, पण आपल्याला तेच हवंय. यात एक मेख आहे, पांढऱ्यावर लाल अक्षरं असलेल्या प्लेटा इन्फ्रारेडमध्ये फिक्या पडतात, काळी अक्षरं उठून दिसतात तशी लाल दिसत नाहीत, तिथे पांढऱ्या उजेडाचा दिवाच लागतो. आणि उलटंही होतं, दिवा फार जवळ किंवा गेन (कॅमेऱ्याने चित्र कृत्रिमरीत्या उजळ करणं) फार वाढलेला असला की प्लेट इतकी चमकते की अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात, तेव्हा आधी गेन कमी करा, शटरला हात लावू नका. गेटवरची माणसं, सामान वगैरे दिसायला हवं असेल तर त्याला दुसरा कॅमेरा लावा, एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं करून घ्यायच्या नादात दोन्ही बिघडतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अजून दोन खोड्या असतात. एक म्हणजे नॉइज रिडक्शन, हे मागच्या फ्रेमा मिसळून दाणे घालवतं, उभ्या भिंतीवर छान दिसतं पण चालत्या प्लेटीवर मागच्या फ्रेमचं भूत उमटतं. ते शून्यावर नाहीतर अगदी कमी ठेवा. डब्ल्यूडीआरचंही (उजेड-अंधार दोन्ही भाग दिसावेत म्हणूनची सोय) तेच, वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रं एकत्र करतो, त्यामुळे हलत्या गोष्टीच्या दोन कडा येतात. आणि बिटरेट (व्हिडिओला सेकंदाला मिळणारा डेटा) कंजूषपणे ठेवू नका, एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत पहिला बळी बारीक रेघांचा जातो.

एवढं झालं की मग सॉफ्टवेअर.

ओपनएएलपीआरबद्दल मला वाईट बोलवत नाही कारण मी शिकलो त्याच्यावरच, पण त्याची रचना जुनी आहे. ते आधी एलबीपी कॅस्केड नावाच्या पद्धतीने प्लेटसारखा भाग शोधतं, मग तो काळा-पांढरा करतं, कडा शोधून सरळ करतं, एकेक अक्षर कापून वेगळं काढतं आणि ते टेसरॅक्ट या अक्षरं वाचणाऱ्या इंजिनाला देतं. ही साखळी आहे, एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं. प्लेटीच्या मधोमध बोल्ट असला की दोन अक्षरं चिकटतात, कापणं चुकतं आणि पुढे टेसरॅक्ट बिचारं काय करणार. टेसरॅक्ट मुळात एचपीमध्ये १९८५ ते १९९४ दरम्यान तयार झालं, २००५ साली खुलं झालं, आणि ते छापील पानासाठी बनलेलं इंजिन आहे, त्याला परिच्छेद आवडतात, चिखल लागलेली सात अक्षरं नाही. आवृत्ती ४ पासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं तरी हा स्वभाव गेला नाही. त्यात २०१९ साली ओपनएएलपीआर एका कंपनीने विकत घेतलं (आज तिचं नाव रेकॉर सिस्टिम्स), नवं काम सगळं त्यांच्या विकतच्या आवृत्तीत गेलं आणि खुला कोड होता तिथेच राहिला. नवीन काही उभं करायला तो आता घेऊ नका.

त्यातल्या दोन गोष्टी मात्र उचलण्यासारख्या आहेत, एक म्हणजे ते एकच उत्तर देत नाही, मुळात दहा शक्यता देतं टक्क्यांसकट, आणि दुसरं म्हणजे प्लेटचा साचा (कुठल्या जागी अक्षर, कुठल्या जागी आकडा) सांगता येतो, त्यात बसणारी शक्यता वर येते. त्याकडे परत येतो.

आता पद्धत बदललीय. एक मॉडेल प्लेट शोधतं, योलो या चित्रात वस्तू शोधणाऱ्या घराण्यातलं कुठलंतरी, आणि दुसरं मॉडेल ती पूर्ण पट्टी एका दमात वाचतं, अक्षरं कापायची भानगडच नाही. २०१८ साली इंटेलच्या लोकांनी एलपीआरनेट म्हणून छोटं नेटवर्क मांडलं ते याच जातीचं, साध्या प्रोसेसरवरही पळण्याइतकं हलकं. बोल्ट, धूळ, थोडा तिरपेपणा हे त्याला शिकवता येतं, म्हणून ते तिथे कोसळत नाही.

तुमच्या कामाला मी आज सरळ फास्ट-एएलपीआर सांगेन. पायथॉनची लायब्ररी आहे, शोधायला योलो-९ ची तयार मॉडेलं, वाचायला फास्ट-प्लेट-ओसीआर, दोन्ही ओएनएनएक्स रनटाइमवर (तयार मॉडेल चालवणारं हलकं सॉफ्टवेअर) चालतात त्यामुळे पायटॉर्च या मॉडेल शिकवायच्या सॉफ्टवेअरचा डोंगर इन्स्टॉल करावा लागत नाही आणि ग्राफिक्स कार्ड नसलं तरी भागतं, लायसन्स एमआयटी. वाचणारं मॉडेल पटलं नाही तर तेवढंच बदलता येतं, हे मला सगळ्यात आवडतं. तुम्हाला कोड लिहायचाच नसेल, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही एकाच जागी हवं असेल, तर फ्रिगेट बघा, त्यात ०.१६ आवृत्तीपासून प्लेट वाचणं आतच आलंय, ओळखीच्या गाड्यांना नावं देता येतात आणि एमक्यूटीटीवर (यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) निरोप येतो, तो पकडून बॅरियरचा रिले (विजेचा स्विच) चालवायचा. ईझीओसीआर आणि पॅडलओसीआर हे सर्वसाधारण अक्षरं वाचणारे आहेत, दुकानाची पाटी वाचतील तशी प्लेट वाचतील. पॅडलचा वाचक प्लेटवर बऱ्यापैकी आहे, ईझीओसीआर मी प्रयोगापुरतं वापरतो, गेटवर नाही. ओपनव्हिनो या इंटेलच्या मॉडेल चालवायच्या सॉफ्टवेअरच्या तयार मॉडेलांमध्ये प्लेट वाचणारं एक आहे, लोक ते आनंदाने उतरवतात आणि विचित्र उत्तरं आली की चक्रावतात, ते चिनी प्लेटांवर शिकवलेलं आहे एवढं वाचायचं राहून जातं.

चिनी प्लेटांवरून आठवलं, सीसीपीडी नावाचा २०१८ चा डेटासेट आहे, अडीच लाखांवर फोटो, पार्किंगची वसुली करणाऱ्यांनी हेफेई शहरात काढलेले. एवढा मोठा डेटा फुकट मिळतो म्हणून सगळे त्यावर शिकवतात. पण फोटो एकाच शहरातले असल्याने बहुतेक प्लेटांवर पहिलं अक्षर त्याच प्रांताचं आहे, आणि मॉडेल ते वाचायला शिकतच नाही, पाठ करतं. तुमच्याकडे कुठलंही मॉडेल आलं तरी हा प्रश्न विचारायचा, हे शिकलं कुठल्या प्लेटांवर. उत्तर तुमच्या देशाशी जुळत नसेल तर स्वतःच्या गेटवरचे दीड-दोन हजार क्रॉप (चित्रातून कापलेला प्लेटीपुरता भाग) जमवा, हाताने नंबर टाइप करा आणि त्यावर परत ट्रेन करा. कंटाळवाणं काम आहे, पण कुठलंही सेटिंग याच्या जवळपास फायदा देत नाही. क्रॉप जमवताना रात्रीचे, पावसातले, घाणेरडे मुद्दाम जास्त घ्या, दिवसाच्या स्वच्छ प्लेटा त्याला आधीच येतात.

लायसन्सबद्दल दोन ओळी, कारण इथे लोक शांतपणे खड्ड्यात जातात. योलो-८ वगैरे अल्ट्रालिटिक्सची मॉडेलं एजीपीएल-३ खाली आहेत, ओपनएएलपीआरही. स्वतःच्या गेटपुरतं वापरलं तर काही नाही, पण उद्या हेच बदल करून दुसऱ्यांना नेटवरून सेवा म्हणून दिलं तर वापरणाऱ्यांना तुमचा सोर्स कोड द्यावा लागतो. धंदा करायचा विचार असेल तर ही अट नसलेली, एमआयटी किंवा अपाचे लायसन्सवाली मॉडेलं घ्या, उदाहरणार्थ योलोएक्स अपाचे-२ आहे. आणि कोडचं लायसन्स वेगळं, डेटासेटचं वेगळं. ब्राझीलचा यूएफपीआर-एएलपीआर हा ४,५०० फोटोंचा चांगला डेटासेट आहे पण तो फक्त संशोधनासाठी देतात.

आता ज्याच्यावर खरं गेट उघडतं ते, वाचून झाल्यानंतरचं काम. एखादं मॉडेल एक अक्षर ९९ टक्के बरोबर वाचतं असं म्हणालं की फार भारी वाटतं, पण सात अक्षरांची प्लेट पूर्ण बरोबर यायची शक्यता ०.९९ चा सातवा घात, म्हणजे ९३ टक्के. ९५ टक्केवालं असलं तर ७० वर आलात. म्हणजे शंभरातल्या तीस गाड्या हॉर्न वाजवत उभ्या.

उपाय असा की एका फ्रेमवर विश्वास ठेवायचाच नाही. गाडी चित्रात दोन-तीन सेकंद असते, त्यात दहा-बारा चांगल्या फ्रेमा सहज मिळतात. सगळ्या वाचा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मतदान घ्या. माझ्याकडच्या एका लॉगमधलं सांगतो, तिसऱ्या जागी १२ फ्रेमांपैकी ७ मध्ये आठ आकडा आला, ४ मध्ये बी अक्षर आणि एकीत तीन आकडा. नुसत्या मतांनी आठ जिंकतोच, पण त्या देशाच्या साच्यात तिसऱ्या जागी अक्षर येऊच शकत नाही, मग बीची चारही मतं आठला दिली आणि ७ चे ११ झाले. साचा इतका कामाचा आहे. ब्रिटनची सध्याची प्लेट घ्या, दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं, आणि तिथल्या ठशात (फॉन्टमध्ये) ओ आणि शून्य दिसायला सारखेच असतात, म्हणजे फोटो कितीही स्वच्छ असला तरी जागा बघूनच ठरवावं लागतं. जर्मनीवाल्यांनी उलट केलंय, त्यांचा ठसाच असा की एका अक्षरात रंग भरून दुसरं करता येऊ नये, तिथे ओ आणि शून्य वेगळे दिसतात. तुमच्या प्लेटीचा साचा नीट लिहून काढा, जुन्या पद्धतीच्या, तात्पुरत्या, दूतावासाच्या प्लेटांसकट, नाहीतर साचाच बरोबर नंबर मोडून चुकीचा करेल. मतदानाची एक मर्यादा आहे, चिखलाचा ठिपका बाराही फ्रेमांत तिथेच असतो, तेव्हा बारा मतं मिळाली म्हणजे बारा पुरावे मिळाले असं नाही.

दोन ओळींच्या प्लेटा असतील, दुचाकी वगैरे, तर आधी तपासा. पट्टी एका दमात वाचणारी मॉडेलं डावीकडून उजवीकडे चालतात, त्यांना दुसरी ओळ कळत नाही, वरची-खालची एकमेकांत कालवतात. प्लेटची रुंदी-उंची बघून दोन ओळींची वाटली तर मधून कापायची, दोन पट्ट्या शेजारी ठेवून वाचायला द्यायच्या, काम होतं. त्यांवर शिकवलेलं मॉडेल मिळालं तर उत्तमच.

यादीशी ताडताना एक अक्षर चुकलं तरी चालेल अशी सूट द्यायचा मोह होतो. द्या, पण आधी यादीतले सगळे नंबर एकमेकांशी ताडून बघा, एका अक्षराच्या फरकाने दोन गाड्या असतील तर त्या दोघांना सूट बंद. आणि सूट फक्त गोंधळाच्या जोड्यांना द्या, आठ-बी, पाच-एस, दोन-झेड, शून्य-डी, एक-आय अशांना. चारच्या जागी एम आला तर ती चूक नाही, ती दुसरी गाडी आहे. शिवाय प्लेट म्हणजे पासवर्ड नव्हे, कुणीही कागदावर नंबर छापून कॅमेऱ्यासमोर धरला तर बॅरियर उघडेल. जिथे खरंच सुरक्षा हवी तिथे कार्ड, टॅग किंवा माणूस जोडीला लागतो, नंबर प्लेट सोयीपुरती.

दोन भानगडी ज्यात माझे दिवस गेले. पहिली, गाडी येऊन उभी राहायची आणि बॅरियर चार-पाच सेकंदांनी उघडायचा, मॉडेलला वेळ लागत होता फक्त ८० मिलिसेकंद. मॉडेल लहान केलं, मशीन बदललं, काही फरक नाही. कारण निघालं ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचा व्हिडिओ वाचक, तुम्ही हळू वाचलं की तो जुन्या फ्रेमा रांगेत साठवतो आणि तुम्ही कायम काही सेकंदांपूर्वीचं बघत असता. वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागात) सतत वाचत राहायचं, फक्त शेवटची फ्रेम ठेवायची, बाकी फेकायच्या, दहा ओळींचं काम. त्याच वेळी आरटीएसपी (कॅमेऱ्याचा व्हिडिओ नेटवर्कवर येण्याची पद्धत) हरवलेला डेटा परत न पाठवणाऱ्या यूडीपीवरून परत पाठवणाऱ्या टीसीपीवर घ्या, म्हणजे अर्धी फ्रेम राखाडी फासलेली येणं थांबतं.

दुसरी भानगड आठवली की अजून हसू येतं. एका ठिकाणी रात्रभर दर सेकंदाला एक नवी गाडी नोंदली जात होती, रिकाम्या गेटवर, नंबर दर वेळी एकने वाढलेला. कॅमेरा चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ छापतो ना, काळ्या पट्टीवर पांढरे आकडे, मॉडेलला ती प्लेटच वाटली, आणि वाचत होतं अगदी ९९ टक्के खात्रीने. ती छपाई बंद करा किंवा तेवढा कोपरा मास्क करा. ट्रकच्या मागे रंगवलेला फोन नंबरही असाच घुसतो, त्याला साचा अडवतो.

मशीनचं फार मनावर घेऊ नका. एका गेटला इंटेलचा साधा मिनी पीसी ओपनव्हिनोवर आरामात पुरतो. कॅमेऱ्याच्या लहान स्ट्रीमवर हालचाल बघत राहायची आणि काही हललं तरच मोठ्या स्ट्रीमच्या फ्रेमा मॉडेलला द्यायच्या, चोवीस तास सगळ्या फ्रेमा दळत बसायची गरज नाही.

मोजताना तीन आकडे वेगळे ठेवा: किती गाड्यांची प्लेट सापडलीच नाही, किती पूर्ण बरोबर वाचल्या, आणि किती चुकीच्या असूनही मॉडेलने छातीठोकपणे सांगितल्या. तिसरा आकडा सगळ्यात महाग, खात्रीची मर्यादा त्याच्यावरून ठरवा. रात्रीच्या दोनशे गाड्या हाताने लिहून काढा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच दोनशेवर चालवा, दिवसाचे आकडे त्यात मिसळू नका, मिसळले की सगळंच छान दिसायला लागतं.

राहिला साठवणुकीचा विषय. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीचा कायदा लागू आहे आणि त्यात नंबर प्लेट वैयक्तिक माहितीत मोडते, बाकी ठिकाणी कायदा वेगळा असला तरी कोण किती वाजता आलं-गेलं याची वही तुम्ही तयार करताय हे बदलत नाही. काही जण म्हणतात आम्ही नंबर ठेवतच नाही, त्याचा हॅश (नंबरावरून काढलेला, सरळ उलटा न वाचता येणारा कोड) ठेवतो. त्याने काही लपत नाही. दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं असा साचा धरला तर एकूण शक्य नंबर ११८ कोटी ८० लाखांच्या आसपास होतात, आणि बरं ग्राफिक्स कार्ड एवढे सगळे एसएचए-२५६ हॅश काही सेकंदांत काढतं, की झालं, पूर्ण वही उघडी. हॅश ठेवायचाच असेल तर गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक, करा, किल्ली दुसऱ्या मशीनवर ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे यादीत नसलेल्या गाड्यांचे नंबर आणि क्रॉप रोज रात्री आपोआप पुसणारी क्रॉन जॉब लावा, यादीतल्यांचे तुमच्या नियमात ठरतील तेवढे दिवस ठेवा, आणि ट्रेनिंगसाठी बाजूला काढलेल्या क्रॉपच्या फाइलनावात तारीख-वेळ घालू नका.